अचानक नाही, दत्ता

सावंतांचा काल फोन आला. आपल्या इथल्या, बहारिनच्या मंडळाचे अध्यक्ष सावंत. म्हणाले, "सिस्टर, शुक्रवारी झिंजच्या हॉलवर दत्ताची शोकसभा ठेवलीय. तुम्ही दोन पानं लिहून आणा. तुमच्याइतकं त्याला आमच्यात कोणी ओळखत नव्हतं. फक्त फार लांबवू नका, आणि बायकांना रडवू नका." मग त्यांनी बॅनरचा नमुना पाठवला. त्यावर तुझा तो अंपायरच्या निळ्या शर्टातला फोटो आहे, कॉलर एका बाजूने वर राहिलेली. खाली लिहिलंय, 'अचानक आपल्यातून निघून गेलेले समाजसेवक'.

अचानक म्हणे. मी फोन ओट्यावर आपटला. माझी लेक आतून ओरडली, "मम्मी, व्हाय आर यू सो अँग्री?" तुझ्यावर चिडलेय हे तिला काय सांगणार, तू तर गेलास. दहा दिवस झाले, आणि मी रोज तुझ्याशी भांडतेय. भांडी घासताना भांडते, हॉस्पिटलच्या बसमध्ये भांडते, परवा तर मिस्साला फादर तुझं नाव घेत होते तेव्हाही मनात भांडतच होते. तेव्हा दत्ता, सावंतांना हवी तशी दोन पानं माझ्याकडून होणार नाहीत. हे तुलाच लिहितेय.

आधी तुला एक गोष्ट सांगते, कारण तुला ती कोणी सांगणार नाही. तू एकटाच गेलास. तुझी पेटी विमानाच्या पोटात सामानाबरोबर गेली आणि सोबत एकही माणूस नव्हता.

तुझा नियम होता ना, की मयताबरोबर माणूस पाहिजे. "सिस्टर, जित्या माणसाला विमानतळावर सोडायला धा जण जात्यात आणि मेल्यावर त्याला मालासारखं धाडायचं, हे काय बराबर न्हाई," असं म्हणायचास. किती जणांना तू घरी नेलंस रे. तो खेडचा प्लंबर, तो साताऱ्याकडचा क्रेनवाला, तो आंध्रचा म्हातारा वॉचमन, ज्याची भाषासुद्धा तुला येत नव्हती. तू स्वतःच्या रजा त्यात घातल्यास. मीना सलमान बंदरावरच्या गोदामातले तुझे साहेब म्हणायचे, याला सुट्टी दिली की हा स्मशानातच जातो. आणि तुझी पाळी आली तेव्हा सावंतांच्या घरी आम्ही अकरा जण बसलो होतो. बरोबर कोण जाणार, एवढंच ठरवायचं होतं. एकाचा व्हिसा रिन्यूला होता. एकाची शिफ्ट बदलत नव्हती. एकाच्या बायकोचं ऑपरेशन होतं. सावंतांचं स्वतःचं ब्लडप्रेशर. शेवटी कोणीतरी हळूच म्हणालं की तिकडे विमानतळावर भाऊ येणारच आहेत, मग इथून कशाला. आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

मीही हलवली. लेकीची दहावीची परीक्षा होती आणि ड्युटी लागलेली होती. पण मेट्रनकडे मी शब्दसुद्धा टाकला नाही, ही खरी गोष्ट आहे. माझी आई गेली तेव्हा मला रजा मिळाली नव्हती, आठवतं तुला? तेव्हा तू त्या क्रेनवाल्याला घेऊन मुंबईला उतरला होतास. त्याच्या घरच्यांच्या ताब्यात पेटी दिलीस, आणि साताऱ्याच्या गाडीत बसायचं सोडून उलट्या दिशेने वसईला गेलास. ओळख ना पाळख. आमच्या चर्चच्या दारात चपला काढून अनवाणी आत गेलास, कोणीतरी सांगितलं की चपला चालतात तरी काढल्यासच. मग मला फोन केलास. "सिस्टर, आईला बघितलं. तुमच्या वतीनं माती टाकली. चेहरा तुमच्यासारखाच रागीट हाय." मी ड्रेसिंग रूममध्ये बसून हसले आणि रडले. ते तुझं ऋण आहे माझ्यावर, आणि ते मी तुझ्या पेटीबरोबर जाऊन फेडू शकले असते. गेले नाही. म्हणजे रागाची यादी काढायची तर माझं नाव त्यात वरच येईल, हे मला कळतं.

तुझी माझी ओळखच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतली. दर आठवड्याला तू कोणाला ना कोणाला पकडून आणायचास. कोणाचं बोट पत्र्यात सापडलेलं, कोणी उन्हाने चक्कर येऊन पडलेला. तो आत असेपर्यंत तू बाहेरच्या खुर्चीवर बसून राहायचास. एकदा मी तुला विचारलं, एवढा वेळ तू कसा काय एका जागी बसतोस? म्हणालास, "कॅचर हुतो कॉलेजात. बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसायचीच सवय हाय." मी विचारलं, क्रिकेटमध्ये कॅचर कधीपासून? तू म्हणालास क्रिकेट न्हाई, बेसबॉल. मला खोटंच वाटलं. सांगलीकडच्या वाळव्याचा माणूस आणि बेसबॉल? पण मी स्वतः वसईच्या कॉलेजात तीन वर्षं सॉफ्टबॉल खेळलेली, त्यामुळे मला माहीत होतं की आपल्याकडे हे खेळ खेळणारी माणसं असतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. मग त्या दिवशी आपण कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून अर्धा तास खेळाच्याच गप्पा मारल्या, आणि तू आणलेला पेशंट आतून हाका मारत होता.

शुक्रवारी सकाळी परदेशी शाळेच्या मैदानावर मुलांचे बेसबॉलचे सामने होतात आणि तू तिथे फुकट अंपायरिंग करतोस, हे तेव्हा कळलं. पुढच्याच शुक्रवारी मला घेऊन गेलास. त्यांना दुसरा अंपायर हवा होता. तू कॅचरच्या मागे, तोंडावर जाळी आणि छातीला पॅड लावून. मी पहिल्या बेसजवळ, टोपी घालून, उन्हात. पोरं अमेरिकन, जपानी, फिलिपिनो, दोनचार बहारिनी. तू ओरडायचास "स्ट्राइक" आणि तुझा तो सांगलीचा आवाज पलीकडच्या पार्किंगपर्यंत जायचा. एका अमेरिकन आईने मला विचारलं होतं, हा कुठल्या स्टेटचा? मी म्हटलं महाराष्ट्र स्टेट. तिने मान हलवली.

सात वर्षं मी ते केलं. घरात माझा नवरा आंतोन म्हणायचा, आठवडाभर हॉस्पिटल आणि सुट्टीच्या दिवशी ऊन, तुला वेड लागलंय. लागलंच होतं. सबंध आठवड्यात तेवढे तीन तास मी कोणाची नर्स नव्हते, कोणाची बायको नव्हते, कोणाची आई नव्हते. मी हात वर केला की मोठमोठे गोरे बाप गप्प बसायचे. ते तू मला दिलंस. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तू लगेच "राहू द्या वो" म्हणून पळाला असतास. आता मानते. राग आहे म्हणून हे खोटं होत नाही.

आपलं पहिलं भांडण तुला आठवत असेलच. पहिल्याच सीझनला. एका जपानी मुलाने बॅट फिरवायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली. फिरवली धरली तर स्ट्राइक, नाही धरली तर नाही. तू नाही म्हणालास. मला माझ्या बाजूने स्पष्ट दिसलं होतं की बॅट पुढे आली होती, आणि मी सरळ ओरडले, "फिरवली, फिरवली, स्ट्राइक." सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. दोन्ही कोच धावत आत आले. तू जाळी वर केलीस आणि माझ्याकडे असं बघितलंस की मला माझी सासू आठवली.

सामना संपल्यावर तू तुझ्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून मला समजावलंस. "सिस्टर, मी चुकलो तरी तुमी गप ऱ्हायाचं. मी तुमच्याकडं हात करून इचारलं, तरच सांगायचं. पार्टनरचा निकाल आपण हून बदलायचा न्हाई. मैदानात दोन निकाल लागले तर पोरांनी बघायचं कुणाकडं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर नर्सने गप्प बसायचं नसतं. बसली तर तिची नोकरी जाते आणि पेशंटचा जीव जातो."

"ते वार्ड हाय, हे मैदान हाय."

"चूक ती चूकच."

"चूक हाय, पण ती माझी हाय. तुमची न्हवं."

हा वाद आपण सात वर्षं घातला. चहा पिताना घातला, सावंतांच्या गणपतीत घातला, तुझ्या गाडीत घातला. तो संपला नाही. नियम म्हणून तुझं बरोबर होतं, हे मी पुस्तक वाचून तपासलं होतं, तुला सांगितलं नाही एवढंच. आणि मैदानात मी तो पाळला. इतका पाळला की पुढे पुढे तू माझ्याकडे हात केल्याशिवाय माझं तोंडच उघडेना. नर्सचं बावीस वर्षांचं वळण तू मोडून काढलंस, दत्ता. इथूनच सगळी माती झाली.

आता तो दिवस. फेब्रुवारीतला मंगळवार. तू एका वेल्डरला घेऊन आलास, बिहारचा, पंचवीस-सव्वीसचा. त्याच्या छातीत दुखत होतं. ईसीजी काढायचा तर तो तारा बघूनच पलंगावरून उतरला. "साहब, करंट लगेगा." आम्ही दोन नर्सेस समजावून थकलो. शेवटी तू म्हणालास, "सिस्टर, आधी माझा काढा. त्याला दिसंल तरी." आणि शर्ट काढून तूच आडवा झालास, त्याच्याकडे बघून हसत. मी तारा लावल्या, कागद बाहेर आला, तू त्या पोराला म्हणालास, "देखा? कुछ नहीं होता. यल्ला, अब तू सो जा."

मी कागद बघितला. मी पुन्हा बघितला. मशीनमध्ये दोष असेल म्हणून तारा नीट लावून पुन्हा काढला. मग डॉक्टरांना हाक मारली.

त्या वेल्डरला काही झालं नव्हतं. स्नायू आखडला होता. तो अर्ध्या तासात चालत घरी गेला, आणि तुझा कागद डॉक्टर खिडकीच्या उजेडात धरून उभे होते. ते म्हणाले, आजच ॲडमिट करा, अँजिओग्राफी लागेल, याला मागे कधीतरी एक झटका येऊन गेलेला दिसतो. मी तुला विचारलं, कधी दुखलं होतं का? तू म्हणालास, "दिवाळीत जरा झालं हुतं. गॅस हाय म्हणून सोडा प्यालो." गॅस. कोणाच्याही छातीत जरा कळ आली की पिकअपमध्ये कोंबून माझ्याकडे आणणारा तू. लेबर कॅम्पातल्या माणसांना 'गॅस म्हणून बसू नका रे, छाती हाय ती' असं बजावत फिरणारा तू. तुझ्या छातीत मात्र गॅस.

आणि तू ॲडमिट झाला नाहीस. स्वतःच्या जबाबदारीवर जातोय म्हणून फॉर्मवर सही केलीस. मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलंस की कंपनीला कळलं तर एप्रिलला व्हिसा रिन्यू होणार नाही, अनफिट म्हणून परत धाडतील, आणि मुलगी बारावीला आहे. ते मला समजलं. इथे कोणाला समजत नाही? हार्ट म्हटलं की खलास, हे इथला प्रत्येक माणूस जाणतो. पण तू तिथे थांबला नाहीस. तू म्हणालास, "आणि सुनीताला तर आजाबात कळता कामा न्हाई. ती पहिल्या विमानानं हितं येऊन उभी ऱ्हाईल. आपली मॅचची फायनल झाली की मी स्वतः येऊन ॲडमिट हुतो. सहा आठवडं. गोळ्या घेतो, रोज घेतो."

मी म्हटलं, "दत्ता, मी नर्स आहे. मला हे असं दाबून ठेवता येणार नाही."

तू काय म्हणालास ते अगदी शब्दाला शब्द सांगते. "सिस्टर, ह्यो माझा कॉल हाय. मी इचारलं तर बोला."

मी गप्प बसले. भर पार्किंगमध्ये, मी युनिफॉर्ममध्ये, खिशात तुझ्या ईसीजीची झेरॉक्स, आणि मी तुझा मैदानातला नियम पाळला. तूही लबाड, हे वाक्य माझ्यावर चालेल हे तुला बरोबर माहीत होतं.

सावंत शुक्रवारी म्हणतील की दत्ता स्वतःचा विचार न करणारा माणूस होता. सगळे मान डोलवतील. मला या वाक्याचा इतका संताप येतो. स्वतःचा विचार न करणं यात कसलं कौतुक आलंय? तुला दुसऱ्याला उचलायला आवडायचं, पण कोणी तुझा हात धरला तर चालायचं नाही. तुझ्या खोलीत मुहर्रकला तुला ताप आला होता तेव्हा मी पेज घेऊन आले तर तू दार अर्धंच उघडलंस. "कशाला तरास घेतलासा." ही समाजसेवा नाही, हा गर्व आहे. सगळ्यांनी तुझं देणं लागावं आणि तू कोणाचं लागू नये, असं तुला हवं होतं. हे तुझ्या तोंडावर सांगायचं राहिलं. आता सांगून काय उपयोग, तरी सांगते.

आणि मग फायनल.

सकाळी नऊला सामना सुरू झाला. तिसऱ्या डावापर्यंत तू ठीक होतास. चौथ्यात तू जाळी काढलीस आणि बराच वेळ परत घातली नाहीस. मग बॅटवाल्याच्या पुढ्यातल्या होम प्लेटवरची माती ब्रशने झाडायला वाकलास ते उजवा हात गुडघ्यावर टेकून, पण झाडली नाहीस, डाव्या हातात नुसता ब्रश धरून थांबलास. मला पहिल्या बेसवरून दिसत होतं. तुझा घाम मला तिथून दिसत होता आणि त्या दिवशी वारा चांगला गार होता. मी दोन पावलं पुढे आले. तू माझ्याकडे बघितलंस आणि हाताचा पंजा दाखवलास. तिथेच थांब.

आणि मी थांबले. बावीस वर्षांची नर्स, पन्नास पावलांवर माणसाचं हृदय बंद पडायला निघालेलं दिसतंय, आणि ती टोपी सारखी करून परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली. अजून तीन डाव झाले. तुझे सगळे कॉल बरोबर होते. एकही चुकला नाही. ते मला सर्वांत जास्त लागतं.

सामना संपला. पोरांनी टोप्या उडवल्या. तुला त्यांनी मधे घेऊन फोटो काढला, त्यातूनच तुला कापून आता बॅनरवर घातलंय. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, "आता चल. गाडी मी चालवते. सरळ कॅज्युअल्टी." तू म्हणालास, "आज जुम्मा हाय, मोठा डॉक्टर कुठं गावायचा. जरा पडतो आणि रविवारी सकाळी पिशवी घिऊनच येतो. शब्द." कॅज्युअल्टी शुक्रवारीही उघडी असते. हे मला माहीत नसेल? मी तिथेच काम करते. पण तू हसत होतास, तुझा चेहरा जरा बरा वाटत होता, आणि मला घरी जाऊन आंतोनला सामन्याचं सांगायचं होतं. मी म्हटलं, रविवारी आला नाहीस तर बघ.

दुपारी अस्रच्या अजानला तुझ्या खोलीतल्या महेशने तुला चहाला उठवलं. तू उठला नाहीस. त्याने मला फोन केला, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याला छाती दाबायला सांगत होते, एक दोन तीन चार मोजत होते. तो दाबत होता आणि मधेच म्हणाला, "ताई, अंग गार लागतंय." तरी मी मोजत राहिले.

तुझ्या बायकोचा फोन तिसऱ्या दिवशी आला. सुनीताचा. आम्ही कधी बोललो नव्हतो. तिने एकच विचारलं, "सिस्टर, त्यास्नी काय तरास हुता का आधी? काय बोललं हुतं का?" मी म्हटलं, नाही हो वहिनी, अचानक झालं सगळं. बॅनरवरचा तो शब्द सावंतांचा नाही, दत्ता. तो पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला. तिने तुझ्या भावांना सांगितला, भावांनी सावंतांना सांगितला, आणि तो आता सहा फुटांच्या फ्लेक्सवर छापायला चाललाय. शुक्रवारी तीही व्हिडिओ कॉलवर असणार, मुलीला शेजारी घेऊन. तिच्या डोळ्यांसमोर मी तो शब्द पुन्हा उच्चारायचा.

मला ते जमेना. आज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी तिला फोन लावला. गोठ्यात होती बहुतेक, म्हशीचा आवाज येत होता. मी म्हटलं, वहिनी, मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि सगळं सांगितलं. वेल्डर, कागद, डॉक्टर, फॉर्मवरची सही, सहा आठवडे, फायनल, तो पंजा. काही वगळलं नाही.

मग तिने विचारलं, "तुमी नर्स हायसा न्हवं?"

मी हो म्हटलं.

"त्यांचा सोभाव मला काय नवा हाय व्हय? तुमचं ऐकलं नसंल, कबूल. डॉक्टरचं ऐकलं नसंल. मला एक फोन करायचा हुता. मी त्यांचं काय ऐकून घेतलं असतं? पोरीला पुढं केलं असतं, जेवण सोडलं असतं, दुसऱ्या दिवशी झक मारत गेलं असतं दवाखान्यात. लग्नाला वीस वर्षं झाली, सिस्टर. माझ्यापुढं त्यांचं काय चालत न्हवतं." तिकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "ते नगं म्हणालं म्हणून तुमी सांगितलं न्हाई. एवढंच कारन का?"

मी म्हटलं, "हो, एवढंच."

तिने फोन ठेवला. शिवी दिली नाही, रडली नाही. मी पर्स घेतली, खाली गेले, बस आली ती सोडली आणि परत वर आले. आता ड्युटीला उशीर झालाय आणि मी हे लिहितेय, कारण तिच्याशी मी आज पुन्हा खोटं बोलले आणि हे खोटं फक्त तुलाच कळेल.

सात वर्षं आपल्याला फायनल मिळाली नव्हती. लहान पोरांचे सामने आपल्याला, आणि मोठी फायनल आली की त्यांचे अमेरिकन अंपायर. यंदा पहिल्यांदा त्या कोचने आपली दोघांची नावं लावली. तुझ्याशिवाय ते मला एकटीला उभं करणार नव्हते. तू ॲडमिट झाला असतास तर माझंही नाव गेलं असतं. पार्किंगमध्ये तू सहा आठवडे म्हणालास तेव्हा मी मनात तारीख बघितली, दत्ता, तुझ्या हृदयाची नाही, सामन्याची. तुझा नियम, तुझा शब्द, तुझा व्हिसा, ही सगळी मी नंतर गोळा केलेली कारणं.

सुनीताला मी कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी खरंच ॲडमिट झाला असतास. तिचा नंबर माझ्याकडे होता. तूच दिला होतास, कधी काही झालं तर म्हणून. आणि तू तिचंच ऐकशील हे मला तेव्हाच माहीत होतं. म्हणूनच मी तो लावला नाही.